केन्याच्या माळावर, नाचऱ्या पक्ष्यामागे

मंगळवार, नैरोबी

मुंबई-नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांचं. घड्याळ अडीच तास मागे करायचं. कागदपत्रांचं एकच सांगतो: पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड जवळ ठेवा, कारण परतताना ते आपल्याच विमानतळावर मागतात. व्हिसाची कटकट आता नाही, ऑनलाइन ई-टीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, काढला की झालं.

मावसभाऊ नैरोबीतच पार्कलँड्स भागात राहतो. त्याच्या घरी पोहोचल्या पोहोचल्या वहिनींनी गरम पोळ्या आणि मटकीची उसळ वाढली. भावाचा प्रश्न तयारच होता, "दादा, मारा नाही, अंबोसेली नाही, चिमणी बघायला आलायस म्हणे?" मारा, अंबोसेली म्हणजे लोक सिंह-हत्ती बघायला जातात ती जंगलं. त्यालाही दोष देता येत नाही. ज्या पक्ष्यासाठी मी आणि बायको आलो होतो तो वर्षातले बरेच महिने चिमणीसारखाच तपकिरी आणि रेघारेघांचा असतो. पाऊस झाला, गवत वाढलं, की नर काळाकुट्ट होतो, त्याला लांब वाकडी शेपटी येते आणि तो नाचायला लागतो. नाव जॅक्सन्स विडोबर्ड. कूळ आपल्या सुगरणीचं. सगळं जग सोडून हा फक्त केन्याच्या उंच पठारांवर आणि उत्तर टांझानियात राहतो. मार्च ते मे मोठा पाऊस, त्यामुळे आम्ही मे संपता संपता गेलो.

"बरं, बघ बाबा तुझी चिमणी," म्हणून भाऊ झोपायला गेला.

बुधवार, नैरोबी

नैरोबीत बुधवारी सकाळी राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारातून पक्षीनिरीक्षणाची फेरी निघते. नेचर केन्या ही संस्था ती चालवते. फ्लूर न्ग'वेनो यांनी १९७१ मध्ये ही फेरी सुरू केली. पन्नास वर्षांहून जास्त काळ दर बुधवारी लोक जमतात ही गोष्टच मला विडोबर्डाइतकी नवलाची वाटली. आपल्याकडे असा एखादा उपक्रम सुरू होतो, पहिल्या वर्षी धो धो चालतो आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात तेवढं उरतं.

फेरीत आमच्या पक्ष्याचा पत्ता नव्हता, अपेक्षाही नव्हती. पण कुठे बघायचं ते तिथेच कळलं. एका आजोबांनी दुर्बीण न काढता सांगितलं, "यंदा पाऊस चांगला आहे, नॅशनल पार्कातच नाचतायत. आधी तिथे जा."

दुपारी संग्रहालयातलं पक्ष्यांचं दालन बघितलं. शेकडो पक्षी पेंढा भरून मांडलेत. कपाटातली शेपटी आणि गवतातली शेपटी यांचा काही संबंध नसतो, हे दुसऱ्या दिवशी कळलंच. तरी या निमित्ताने एक मजेदार गोष्ट सांगायला हवी. पक्ष्याच्या नावातले जॅक्सन म्हणजे फ्रेडरिक जॅक्सन, इंग्रज राजवटीतले अधिकारी, पुढे युगांडाचे गव्हर्नर. लंडनचे पक्षितज्ज्ञ रिचर्ड शार्प यांनी १८९१ मध्ये या पक्ष्याचं वर्णन छापलं आणि जॅक्सनचं नाव दिलं. १९०४ मध्ये जॅक्सननी परतफेड केली. केन्याच्याच पठारावरच्या एका पिवळ्या पक्ष्याला शार्पचं नाव दिलं, तो शार्प्स लाँगक्लॉ. साहेब लोकांनी एकमेकांना असे पक्षी वाटून घेतले, आणि त्या पक्ष्यांना आधीपासून ओळखणारे मसाई नि किकुयू गुराखी कुठल्याच नावात नाहीत.

गुरुवार, नैरोबी नॅशनल पार्क

पार्कचं फाटक सकाळी सहाला उघडतं. पैसे रोख घेत नाहीत, आधी ऑनलाइन भरावे लागतात. गाडीतून उतरायची परवानगी ठरावीक जागीच. ११७ चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान १९४६ चं. एका बाजूला शहराच्या इमारती, दुसरीकडे खांबांवरून गेलेला नवा रेल्वेमार्ग, दक्षिणेची हद्द मात्र नदीपलीकडच्या मैदानाला उघडी. त्या उघड्या बाजूनेच जनावरांची ये-जा चालते.

आमचा गाइड तरुण होता. अशी गिऱ्हाइकं त्याला बहुधा कमी मिळत असावीत, कारण सिंह नको म्हटल्यावर त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग मात्र त्याचा चेहरा खुलला. दक्षिणेकडच्या मोकळ्या माळावर नेऊन त्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "आता गवताच्या शेंड्यांकडे बघत बसा. खाली बघू नका."

गवत गुडघ्याच्या जरा वर. दव इतकं की अख्खा माळ पांढुरका दिसत होता. पाचेक मिनिटं काहीच नाही. मग डावीकडे काहीतरी काळं वर आलं आणि गेलं. परत आलं, परत गेलं. उजवीकडे दुसरं. त्याच्या मागे तिसरं. कढईत लाह्या फुटाव्यात तसे पक्षी गवतातून फुटत होते आणि कुठला कधी फुटेल याचा अंदाज येत नव्हता.

दुर्बीण एकावर रोखली तेव्हा उडीतलं काम दिसलं. दोन-अडीच फूट उंच उडी, सरळ वर, पुढे अजिबात नाही. अंग उभं. डोकं मागे टाकलेलं. शेपटीची पिसं पाठीवरून कमान करून पुढे येतात आणि जवळजवळ मानेला टेकतात, फक्त दोन पिसं त्या कमानीतून निसटून मागे-खाली राहतात. पाय हवेत सायकल चालवल्यासारखे हलतात. हे सगळं एका क्षणात, आणि खाली पडला की पुन्हा तेच. मधे थकून गवतात गडप होतो, तेव्हा तिथून बारीक, सुसुसु असा चिरका आवाज येत राहतो.

गंमत अशी की उडी मारताना हा पक्षी उडतच नाही म्हटलं तरी चालेल. पंख फडफडतात, पण कुठे जायचंच नसतं. पाच पावलांवरून बघणाऱ्या मादीसाठी एवढा उपद्व्याप कोण करेल? लांबून, वरून जाणाऱ्या मादीसाठी करतो. माळावर झाड नाही, दगड नाही, बसून मिरवायला उंच जागा नाही. आणि पाऊस झाला की गवत नराच्या डोक्यावरून जातं. दिसायचं तर वर यायलाच हवं.

याच कारणाने आपल्याकडे अकोला-वाशीमच्या गवतात माळढोकाच्या कुळातला तणमोर उडी मारतो. तणमोराचं विडोबर्डाशी नातं शून्य, आकाराची तुलनाच नको, पण पावसाळ्यातलं गवत दोघांना एकाच कामाला लावतं. तणमोराची उडी मी फार पूर्वी, फार लांबून पाहिली होती. इथे मनासारखी पाहून घेतली.

साडेसातच्या सुमाराला पाच-सहा तपकिरी पक्षी माळावरून गेले. माद्या. त्या दिसताच आतापर्यंत आळीपाळीने चाललेला खेळ बदलला आणि समोरचे सगळे नर एकदम उड्या मारायला लागले. एक मादी उतरली. बाकीच्या पुढे गेल्या.

बायको शांतपणे बघत होती. मग तिने विचारलं, "अहो, एवढं नाचून हा घरटं तरी बांधतो का?"

नाही. इथे सुगरणीशी नातं संपतं. आपल्याकडचा सुगरण नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पटलं तर राहते. या विडोबर्डात घरटं मादीचं, अंडी तिची, पिल्लांना भरवणं तिचं. गवताची हिरवी पाती वाकवून ती त्यांच्याखाली गवताचाच गोल खोपा करते. नर रोज सकाळ-संध्याकाळ नाचाच्या मैदानावर हजर.

"म्हणजे नुसताच नाचतो."

"नुसताच."

"मग वेळ कुठून मिळतो म्हणायला नको."

एवढ्यात मागून तीन गाड्या धुरळा उडवत गेल्या. पुढे कुठेतरी सिंहीण होती. आमच्या गाइडने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्याने थर्मास काढला. दुधाचा चहा, आलं ठेचून घातलेलं, साखर आपल्यापेक्षाही जास्त.

दहानंतर ऊन चढलं आणि नाच थांबला. उरलेल्या वेळात गेंडे, जिराफ, गुलाबी गळ्याचा लाँगक्लॉ, एक सेक्रेटरी बर्ड वगैरे. १९८९ मध्ये केन्याचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोई यांनी बारा टन हस्तिदंत जाळलं ती जागा याच पार्कात आहे. तिथे उतरता येतं, डबा खाता येतो.

शुक्रवार, किनान्गोप

नैरोबीहून नैवाशाच्या हमरस्त्याने वर चढायचं. सोको म्जिंगा नावाचा रस्त्याकडेचा बाजार लागतो. बटाट्याची पोती, कोबीचे ढीग, गाजरं, प्लम. हा सगळा माल कुठून येतो ते लवकरच कळतं. फ्लायओव्हर नावाच्या फाट्याला उजवीकडे वळलं की न्जाबिनी, आणि तिथून किनान्गोपचं पठार सुरू.

एका बाजूला ॲबरडेअर डोंगररांग, दुसऱ्या बाजूला रिफ्ट व्हॅलीचा कडा, मधे चोवीसशे मीटरच्या वरची ही सपाट जमीन. मे महिन्यात आम्ही दोघं स्वेटर घालून कुडकुडत होतो. माती चिकण, पाणी मुरत नाही, गाडी कुठल्याही क्षणी बसेल असं वाटत राहतं. एकदा बसलीच. शेतातून चार पोरं आली, ढकलून दिली आणि हसत गेली.

या पठाराचं नाव पक्ष्यांवर वाचणाऱ्यांना परिचित आहे ते दुसऱ्याच विडोबर्डामुळे. लाँग-टेल्ड विडोबर्ड. नर काळा, खांद्यावर लाल पट्टा, शेपटी जवळपास अर्धा मीटर. हा उडी मारत नाही, आपल्या हद्दीवरून सावकाश उडतो. दुपारी ढग जरा फाकले तेव्हा एक दिसला. पंखांची हालचाल इतकी संथ की हा आता पडेल असं वाटतं. शेपटी उभी, पसरलेली, खाली लोंबणारी. वाऱ्याची झुळूक आली की सगळा पक्षी बाजूला सरकतो, मग सावरून पुन्हा आपल्या वाटेवर. जरा पाऊस भुरभुरला तर कुंपणाच्या तारेवर गप्प बसून राहतो. ती ओली शेपटी घेऊन उडण्याची त्याची इच्छा नसावी.

डार्विनने १८७१ मध्ये मांडलं होतं की मोरपिसाऱ्यासारखे थाट माद्यांच्या पसंतीतून घडले असावेत. शंभर वर्षं लोक त्यावर वाद घालत राहिले, कारण मादी खरंच शेपटी बघते हे दाखवायचं कसं? स्वीडनचे शास्त्रज्ञ माल्टे अँडरसन याच किनान्गोपवर आले आणि त्यांनी साधा उपाय केला. कात्री आणि झटपट चिकटणारा गोंद. छत्तीस नर पकडले. काहींच्या शेपट्या कापून साधारण चौदा सेंटिमीटरच्या केल्या. कापलेला तुकडा दुसऱ्यांना जोडून त्यांच्या शेपट्या पंचवीसेक सेंटिमीटरने वाढवल्या. काहींच्या कापून त्यांच्याच त्यांना परत चिकटवल्या, म्हणजे कापण्या-चिकटवण्याचा परिणाम वेगळा ओळखता यावा. उरलेल्यांना हात लावला नाही. मग प्रत्येकाच्या हद्दीत माद्यांनी नवी घरटी किती केली ते मोजलं.

वाढवलेल्या शेपटीवाल्यांकडे सगळ्यात जास्त. निसर्गाने दिलेल्या लांबीहूनही लांब शेपटी माद्यांना आवडली. आणि शेपटी कापलेल्यांनी आपली हद्द सोडली नाही, म्हणजे नर-नर भांडणात शेपटीचा फारसा उपयोग नव्हता. हा निबंध १९८२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत आहे. मी कॉलेजात तो शिकलो तेव्हा हे पठार मला सोनेरी, अफाट, निर्मनुष्य वाटलं होतं. प्रत्यक्षात कुंपणं, निलगिरीच्या रांगा, पत्र्याची घरं, बटाट्याच्या सऱ्या, आणि त्यांच्या मधे मधे उरलेले गवताचे तुकडे. त्यातल्या एका तुकड्यावर तो नर उडत होता. तुकडा संपला की वळत होता.

शनिवार, किनान्गोप

आज गाडीबाहेर, पायी. इथली बहुतेक जमीन खाजगी आहे, त्यामुळे गावातला एक पोरगा वाटाड्या म्हणून घेतला. पक्षी त्याला तोंडपाठ, आणि कुणाच्या शेतात जायला कुणाला विचारायचं तेही. तो आम्हाला एका म्हातारीच्या कुरणात घेऊन गेला. तो तिला शोशो म्हणत होता, म्हणजे आजी, म्हणून आम्हीही शोशोच म्हणालो. मेंढ्या बारा-पंधरा, दोन गाई, एक तापट कुत्रा.

इथे जॅक्सन्स विडोबर्डाचं नाचाचं रिंगण हाताच्या अंतरावरून पाहिलं. नर उन्हं वर आल्यावर निघून गेला होता, तेवढ्या वेळात. मी ओणवा होऊन पाहिलं, हात लावला नाही.

दोन-तीन हात रुंदीची गोल जागा. गवत मुळापासून उपटलेलं नाही, चोचीने तोडून आणि पायाखाली तुडवून जमिनीला बसवलेलं. कड इतकी स्वच्छ की माणसाने विळ्याने काढल्यासारखी वाटावी. बरोबर मधोमध गवताचा एक झुबका मुद्दाम राखलेला. त्या झुबक्याला दोन बाजूंनी खोबण्या. पाती आत दाबून, कातरून, मूठ मावेल एवढी पोकळी केलेली. जमिनीवर तोडलेली सुकी पाती पडलेली, काही अजून हिरवी, म्हणजे त्याच सकाळची डागडुजी. बाजूला पाच-सात पावलांवर दुसरं रिंगण, पलीकडे तिसरं. त्यांतल्या एकाचा झुबका विस्कटलेला, मालकाने बहुधा सोडून दिलेलं.

खोबणीचं काम आदल्या संध्याकाळी लांबून पाहिलं होतं, त्याचा अर्थ आता लागला. मादी उतरते ती झुबक्याच्या एका बाजूला. नर दुसऱ्या बाजूला. मधे गवताचा आडोसा. तो त्या आडोशाआडून डोकावतो, शेपटी थरथरवतो, छाती खोबणीत दाबतो. ती आपल्या बाजूच्या खोबणीत चोच घालून तपासते. तो फिरून तिच्याकडे यायला लागला की ती फिरून दुसरीकडे जाते. बहुतेक वेळा ती उडून जाते आणि हा पुन्हा उड्या मारायला लागतो.

स्टाफान अँडरसन या दुसऱ्या अँडरसननी या नाचावर काही वर्षं काम केलं. लांब शेपटीच्या आणि जास्त वेळा उडी मारणाऱ्या नरांकडे माद्या जास्त येतात असं त्यांना आढळलं. पण मला त्यातला हजेरीचा भाग जास्त भावला: जो नर जास्त दिवस मैदानावर टिकून राहतो त्याचं जमतं. हे टिकणं फुकट नसतं. सगळा हंगाम नाचून नरांची अंगकाठी खालावते. वजन, चरबी, सगळं उड्यांत जातं. शेवटी काळी पिसं गळतात आणि हा पुन्हा तपकिरी होऊन थव्यात मिसळतो. कुणी ओळखणार नाही.

परत येताना पोरग्याने हाताने थांबवलं. मेंढ्यांनी आखूड केलेल्या गवतातून एक पक्षी पळत होता, पाठ रेघारेघांची, छाती पिवळीजर्द. शार्प्स लाँगक्लॉ. जगात फक्त केन्यात, आणि तिथेही मुख्यतः याच पठारावर. धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. याला आखूड गवत लागतं, पण मधे मधे गवताचे जाड, खरबरीत ठोंबही लागतात, घरटं त्यांच्या आडोशाला असतं. आणि हे ठोंब गाई-मेंढ्या खात नाहीत, म्हणून शेतकरी ते खणून काढतात.

शोशोने चहा दिला. मी पोरग्याकरवी विचारलं, हे कुरण असंच ठेवणार का? ती म्हणाली, ती आहे तोवर मेंढ्या आहेत. तिला तीन मुलगे. धाकट्याने आपला वाटा आधीच नांगरला, बटाटा लावला. तीन-चार महिन्यांत पैसा हातात येतो, लोकरीचा कुठे येतो? स्वातंत्र्यानंतर गोऱ्यांच्या मोठ्या इस्टेटी तोडून इथे किकुयू कुटुंबांना जमिनी मिळाल्या, आता त्यांच्या पुढच्या पिढ्यांत वाटण्या चालू आहेत. मला हे सगळं समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गावी एकरांचे गुंठे होताना मी पाहिलेत, आणि माळाला सातबाऱ्यावर पडीक लिहितात तेही. नेचर केन्याने इथले गवताचे काही तुकडे विकत घेऊन राखलेत. तेवढे राहतील. बाकीचं बटाट्याच्या भावावर.

बायकोने शोशोला विचारलं, हे काळे पक्षी त्रास देतात का? ती म्हणाली, छे, ते नाचत असले की मेंढ्यांना गवत भरपूर आहे एवढं कळतं.

रविवार, नैवाशा आणि परत

कड्यावरून खाली नैवाशाला उतरलो. तळं, पाणघोडे, बोट, फोटो. वहिनींनी सांगितलं होतं म्हणून गेलो, छान आहे, त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. संध्याकाळी पार्कलँड्सला भावाला उड्यांचा व्हिडिओ दाखवला. त्याने तीनदा बघितला आणि म्हणाला, "हे पार्कात? आपल्या पार्कात? विमानतळाच्या एवढ्या जवळ?" पुढच्या रविवारी पोरांना घेऊन जाणार म्हणाला.

कुणाला जायचं असेल तर दोन गोष्टी. नैरोबी पार्कात सहाच्या ठोक्याला आत शिरा आणि गाडीवाल्याला सिंह नको असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. किनान्गोपला स्थानिक वाटाड्या घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या, आणि कुरणाच्या मालकाला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडू नका. महिना मे-जूनचा, पण तारखेवर विसंबू नका. नाच पावसावर असतो, दर वर्षी मागेपुढे होतो, कमी पावसाच्या साली पार्कात नर येतीलच असं नाही. तिकीट काढायच्या आधी तिथल्या कुणाला तरी फोन करून गवत गुडघ्याला लागलं का एवढं विचारा. नसेल लागलं तर आठ-पंधरा दिवस थांबा.